नाकवाले आणि विझलेली जाळी

आमच्या कारखान्यात सगळ्यात तिखट नाक कोणाचं, असं कुणालाही विचारलं असतं तर पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं असतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटालाच माहीत. आम्ही सगळे त्यांना 'नाकवाले' म्हणायचो. माणूस साधा, नाकासमोर चालणारा. नाक मात्र खरंच मोठं होतं, त्यामुळे नाव शोभायचंही.

मी तिथे रिळं मोजायला होतो. पंख्याच्या नाहीतर पंपाच्या मोटारीत जी तांब्याची तार गुंडाळलेली असते ना, ती आमच्याकडे व्हायची. नुसतं तांबं गुंडाळून चालत नाही. वेढ्याला वेढा लागला की मोटार जळलीच. म्हणून तारेवर वार्निशचे पातळ थर चढवायचे आणि प्रत्येक थर भट्टीतून फिरवून वाळवायचा. अशी बारा मशिनं होती. वार्निश वाळताना ज्या वाफा निघतात त्यांचा वास असा, की नवीन माणूस पहिल्या दिवशी डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरी नोकरी शोधतो.

या वाफा तशाच बाहेर सोडल्या तर आजूबाजूची वस्ती दगड घेऊन आली असती. म्हणून मागच्या अंगाला एक पोलादी डबा बसवला होता, कपाटाएवढा. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी आणि जाळीवर कसल्याशा महाग धातूचा लेप. सगळ्या वाफा गरम करून या जाळीतून सोडायच्या. जाळी पुरेशी तापलेली असली की वाफा तिच्यावर जळून जातात. ज्योत नाही, धूर नाही, आवाज नाही. जाळी स्वतः जळत नाही, वाफांना जाळते. मागून निघते ती नुसती गरम हवा, तिला वास नसतो. ही जाळी सांभाळणं हे नाकवाल्यांचं काम.

त्यांना हे काम मिळालं तीही गंमतच. आधीचे तीन-चार जण महिन्याच्या आत पळाले होते. तेव्हाच्या मोठ्या मालकांनी नव्या उमेदवारांना एकदम डब्याशेजारी नेऊन उभं केलं. कुणी रुमाल काढला, कुणी तोंड फिरवलं, एक जण तर सरळ फाटकाकडे चालू लागला. नाकवाले मात्र बागेत उभे असल्यासारखे शांत. मोठे मालक म्हणाले, "हा माणूस निधड्या छातीचा आहे. याला ठेवा."

छाती निधडी होती का ते माहीत नाही, पण नाक बंद होतं. म्हणजे श्वास चालायचा. वास येत नव्हता. ऐन तारुण्यात सायकलवरून पडून डोकं आपटलं होतं. डोकं बरं झालं, सायकलला तर काहीच झालं नव्हतं, पण त्या दिवसापासून गुलाब आणि गटार त्यांना सारखंच. ही गोष्ट सांगितली तर काम जाईल या भीतीने त्यांनी ती सांगितली नाही. पहिल्या महिन्यात सांगितली नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात सांगता येईना. आणि मग तर प्रकरण फारच पुढे गेलं.

झालं असं, की एकदा ते घरी पोचले तर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारातच म्हणाल्या, "आज तुमच्या शर्टाला घाण येतेय. काय बिघडलंय तिथे?" दुसऱ्या दिवशी नाकवाल्यांनी डबा नीट तपासला, तर दाराची पट्टी एका कोपऱ्यात फाटून वाफ गळत होती. त्यांनी सांगितलं, पट्टी बदलली. पुन्हा दोन महिन्यांनी तसंच. लोक चकित. आम्हाला चोवीस तास तोच वास, आमची नाकं बोथट झालेली. पण हा माणूस सकाळी येतो आणि म्हणतो, "काल दुपारनंतर जाळी जरा मंद जळत होती." काटे बघावेत तर खरंच!

बघता बघता कीर्ती पसरली. वार्निशचा नवीन पिंप आला की बाटलीत थोडं घेऊन नाकवाल्यांकडे. ते बाटली नाकाशी धरत, डोळे मिटत, आणि म्हणत, "घरी नेऊन शांतपणे बघतो. असं घाईत होत नाही." सकाळी निकाल यायचा, "हे जुनं आहे. परत पाठवा." निकाल कधी चुकला नाही, कारण वहिनींचं नाक कधी चुकलं नाही. पुढे वहिनींना आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या लाँड्रीत काम मिळालं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी तिथे उघड्यावर वाळत घालायचे. त्यामुळे दुपारच्या सुट्टीत भिंतीपाशी दोघं बोलायचे तेव्हा आम्हाला वाटायचं, काय जोडपं आहे! आणि तिथे खरं तर वासाचा अहवाल चालायचा.

बावीस वर्षं हे असं चाललं. मग बचतवाल्या बाई आल्या.

मुख्य कचेरीने विजेची बचत करायला त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. बाई हुशार होत्या, कष्टाळू होत्या, आणि बॉयलरवर त्यांचा हात बसलेला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "या डब्याचा हीटर तीनशे वीस अंशावर कशाला?"

नाकवाले म्हणाले, "तिथे जाळी पेटते, बाई."

"पेटली की मग? मग तर ती स्वतःच उष्णता देते ना?"

"देते."

"मग कमी करून बघू या की."

त्यांचं चूक नव्हतं. सोमवारी त्यांनी हीटर तीनशेवर आणला. जाळी जळतच राहिली. मंगळवारी दोनशे ऐंशी. जळतेय. बुधवारी दोनशे साठ. आत जाणारी हवा दोनशे साठची, बाहेर येणारी चारशेच्या वर, वास नाही. बाई खूश. गुरुवारी दोनशे पन्नास. तरी जळतेय. बाईंनी मुख्य कचेरीला फोन करून आनंदाची बातमी दिली.

गुरुवारी संध्याकाळी नाकवाले त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "बाई, एक सांगू का? उतरताना चालतं ते चढताना चालत नाही."

"म्हणजे काय?"

"पेटलेली जाळी स्वतःच्या उबेवर जगते, म्हणून इतक्या कमीत चालतंय. पण विझली, तर याच दोनशे पन्नासवर परत पेटणार नाही."

बाई हसल्या. "अहो काका, तापमान म्हणजे तापमान. दोनशे पन्नासला चालत होती तर दोनशे पन्नासला चालेल. बॉयलरला असं काही नसतं."

"बॉयलर वेगळा, बाई."

पण बाईंना तेवढ्यात शिंक आली. आमच्या धुळीने त्यांना जबरदस्त सर्दी झाली होती. दोन दिवसांपासून नाक चोंदलेलं आणि त्यावर मास्क. बोलणं तिथेच राहिलं.

शुक्रवारी सकाळी दहाला बाईंनी हीटर दोनशे चाळीसवर आणला. थोडा वेळ काही झालं नाही. मग बाहेर येणाऱ्या हवेचा काटा हळूहळू उतरू लागला. चारशेवरून तीनशे साठ, तीनशे, आणि मग जो घसरला तो थेट दोनशे चाळीसच्याही खाली. म्हणजे जाळीत आता काहीच जळत नव्हतं.

आणि वास सुटला. मी रिळांच्या खोलीत होतो, दार बंद होतं, तरी डोळ्यांना धार लागली. मशिनवाले गळ्यातले टॉवेल तोंडाला बांधून बाहेर आले. सगळं अंगण खोकत होतं.

बाई लगबगीने अंगणात आल्या. त्यांना सर्दीमुळे काहीच कळत नव्हतं. त्यांनी साहजिकच ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. "काका, तुम्ही सांगा. वास येतोय का?"

नाकवाले खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "मला तर काही येत नाही, बाई."

"बघा!" बाई आमच्याकडे वळल्या. "उगाच घाबरताय तुम्ही."

फोरमन डोळे पुसत म्हणाला, "पण बाई, मला येतोय."

"तुम्हाला येतोय आणि नाकवाल्यांना येत नाही?"

फोरमनने पुन्हा एकदा हुंगून बघितलं. मीही तिथेच उभा होतो, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं की आपल्यालाच काहीतरी आजार झालाय. नाकवाले म्हणतात नाही, म्हणजे नसणार. बाईंनी मालकांना फोनसुद्धा केला, "वास नाही. नाकवाल्यांनी स्वतः खात्री केलीय."

नाकवाल्यांचा चेहरा बघवत नव्हता. "पण बाई," ते म्हणाले, "जाळी मात्र विझलीय. काटा बघा."

"वास नाही तर विझेल कशी? काटाच बिघडला असेल."

आता या माणसाने करायचं तरी काय? त्यांना जे ठाऊक होतं ते खरं होतं, पण त्यांच्याच कीर्तीने त्यांना खोटं पाडलं होतं.

तेवढ्यात मागच्या भिंतीवर एक लाल झालेला चेहरा उगवला. लाँड्रीवाले स्टुलावर चढले होते. "माझ्या दोनशे चादरी!" ते ओरडले. "दवाखान्याच्या चादरी! आता रोग्यांना काय सांगू, औषध उशीखाली ठेवलंय म्हणून?" पुढच्या फाटकातून मालकांची गाडी आत आली. ते उतरले, दोन पावलं चालले, आणि परत गाडीत जाऊन बसले. मग काच थोडी खाली करून त्यांनी हुकूम दिला, "आधी सहा मशिनं बंद करा! अर्धी घाण तरी कमी होईल!"

लाँड्रीवाल्यांच्या शेजारी वहिनींचं डोकं वर आलं. त्यांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. "अहो, विझलीय ना? मग असे उभे काय? बोला की!"

नाकवाल्यांनी डोक्यावरची टोपी काढली. कुणी गेल्यावर काढतात तशी.

"बाई, मला वास येत नाही," ते म्हणाले.

"ते कळलं हो मघाशीच."

"तसं नाही. आज येत नाही असं नाही. कधीच येत नाही. इथे लागलो त्याच्याही आधीपासून. नाक माझं नाही, हिचं आहे." आणि त्यांनी भिंतीकडे हात केला.

फोरमनने हळूच विचारलं, "मग त्या वार्निशच्या बाटल्या?"

"घरी हिला दाखवायचो."

वहिनी वरून म्हणाल्या, "आणि स्वयंपाकघरात ठेवायचे. सांगून सांगून थकले मी."

बाईंनी मास्क खाली ओढला आणि कोरड्या आवाजात विचारलं, "म्हणजे सकाळपासून या डब्याचा वास आपण दोघंच तपासत होतो?"

"हो, बाई."

"ज्यांना वास येत नाही असे आपण दोघंच?"

"हो."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांना शिंक आली. मग त्या डब्याकडे धावल्या आणि हीटर दोनशे पन्नासवर आणला, कालच्या जागी. दहा मिनिटं थांबल्या. काटा ढिम्म. दोनशे ऐंशी, मंगळवारची जागा. ढिम्म. तीनशे. बाहेर येणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा थंडच. शेवटी तीनशे वीस. अर्धा तास गेला, तरीही पेटेना. बाई आता काट्याकडे अशा बघत होत्या, जसं काही त्याने दिलेला शब्द मोडलाय.

"काका, इथे तर नेहमी पेटते ना?"

"बारा मशिनं चालू असतात तेव्हा पेटते, बाई. सहा बंद आहेत. वाफ पातळ झालीय, पेटवायला सरपणच कमी पडतंय." त्यांनी घसा साफ केला. "सगळी मशिनं सुरू करा."

मालकांनी गाडीची काच पूर्ण खाली केली. एवढं त्यांना ऐकू गेलं होतं. "काय? वास घालवायला वास वाढवायचा?"

"पंधरा मिनिटं, मालक."

"ज्याला वासच येत नाही तो म्हणतो वास वाढवा! अहो, तुमचं काय जातंय?"

प्रश्न बरोबर होता. वाचवलं ते बाईंनी. त्या म्हणाल्या, "मालक, काल संध्याकाळी हे मला जे सांगत होते ते सगळं आज तसंच घडलंय. मी ऐकलं नाही. यांना नाक नसेल, पण काटा यांनाच वाचता येतो. सुरू करू द्या."

"आणि माझ्या चादरी?" भिंतीवरून आवाज आला.

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "दादा, चादरी आपण सगळ्या मिळून आत घेऊ. पंधरा मिनिटं द्या यांना."

"आणि नाही पेटलं तर?"

"तर सगळ्या चादरी हे धुतील. यांना वासाचा त्रास नाही."

लाँड्रीवाले काही बोलायच्या आत वहिनी स्टुलावरून उतरल्यासुद्धा. भिंतीपलीकडे बायकांची पळापळ ऐकू आली, चादरी फडफडल्या, क्लिपा टपाटप पडल्या. इकडे बाराही मशिनं सुरू झाली. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. मालकांनी काच बंद केली एवढंच सांगतो.

नाकवाले काट्यासमोर एकटे उभे होते. तीनशे बारा. तीनशे अठरा. तीनशे तेवीस. म्हणजे बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा तीन अंशांनी गरम. "लागली," ते पुटपुटले. आम्हाला काहीच दिसत नव्हतं. तीनशे चोवीसवर काटा इतका वेळ अडकला की फोरमनने देवाचं नाव घेतलं. मग तीनशे तीस, तीनशे पन्नास, आणि एकदा निघाला तो दूध उतू जावं तसा: चारशे, साडेचारशे, चारशे नव्वद. नाकवाल्यांनी झटकन हीटर थोडा खाली घेतला, नाहीतर जाळीच जळाली असती. काटा थरथरत स्थिर झाला.

पाच मिनिटांनी भिंतीवरून वहिनींचा आवाज आला, "गेला!"

टॉवेल सुटले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मालक गाडीतून उतरले आणि मोठा श्वास घेऊन बघितला.

"आता ती सहा मशिनं बंद केलीत तरी चालेल," नाकवाले म्हणाले.

"आता कशालाही हात लावायचा नाही!" मालक ओरडले.

पण बाईंना राहवेना. त्यांनी मालकांची परवानगी काढून एकेक मशिन बंद करून बघितलं. काटा थोडा उतरला, पण सहा मशिनांवरही जाळी जळत राहिली. "हीच सहा मशिनं, हीटर उलट थोडा कमीच," त्या म्हणाल्या, "आणि मघाशी पेटत नव्हती!"

"मघाशी ती विझलेली होती, बाई," नाकवाले म्हणाले. याच्यापेक्षा चांगलं उत्तर मी अजून कुठे ऐकलेलं नाही.

दुपारी मालकांनी त्यांना कचेरीत बोलावलं. आम्ही दाराबाहेर घोळका करून उभे. आतून ऐकू आलं, "वास न येणारा माणूस मी वासाच्या यंत्रावर ठेवायचा?" मग मालक बाहेर आले आणि आम्हाला विचारलं, "यांच्या जागी कोण उभं राहतंय?" सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. विषय संपला. मालकांनी वहिनींनाही नोकरी देऊ केली. त्या म्हणाल्या, "नको. एवढी वर्षं घरबसल्या केलं ते आता वेळेवर येऊन कशाला करू?"

नाकवाल्यांना दोन दिवस आमच्यात बसायला लाज वाटत होती. जेवणाचा डबा एकटेच खायचे. तिसऱ्या दिवशी फोरमनच त्यांच्या बाकावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मला लांबचं दिसत नाही. चष्मा घरी लावतो, इथे लावत नाही." मग आणखी एकाने सांगितलं की त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्या दुपारी आमच्या कारखान्यात धडधाकट असा एकही माणूस उरला नाही. नाव मात्र 'नाकवाले'च राहिलं. बावीस वर्षांचं नाव एका दिवसात कुठे पुसतं?

लाँड्रीच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी, आमची मशिनं चालू असताना, बाई आणि नाकवाले दोघांनी मिळून सगळं नीट करून बघितलं. बाईंची सर्दी गेली होती. दहा-दहा अंशांनी खाली, मग दहा-दहा अंशांनी वर. उतरताना दोनशे चाळीसला विझली, चढताना तीनशे वीसला पेटली. मधल्या सगळ्या आकड्यांवर ती जळतही होती आणि विझलेलीही होती, कुठून आलात त्यावर. बाई वेड्यासारख्या लिहीत होत्या. शेवटी ठरलं, की पेटवायची तीनशे वीसला, बाराही मशिनं चालू ठेवून. मग उतरवून दोनशे सत्तरवर चालवायची, आणि त्याखाली कुणी हात लावायचा नाही. विजेची बचत खरोखर झाली. बाईंचं म्हणणं अर्धं बरोबर होतंच.

खरी अडचण मुख्य कचेरीच्या फॉर्मने केली. त्यात एकच चौकोन होता: 'योग्य तापमान'. बाईंनी त्यात दोन आकडे लिहिले. फॉर्म परत आला, 'एकच आकडा लिहावा.' बाईंनी दोन पानी खुलासा जोडला. फॉर्म परत आला, 'खुलासा मिळाला. एकच आकडा लिहावा.' तिसऱ्यांदा मोठ्या साहेबांचा फोन आला. बाईंनी तो सरळ नाकवाल्यांच्या हातात दिला.

"योग्य तापमान किती?" साहेबांनी विचारलं.

"जाळी पेटलेली आहे का विझलेली, साहेब?"

"समजा, ते मला माहीत नाही."

"मग आधी जाऊन बघून यायचं, साहेब. मग सांगतो."

मग साहेब म्हणाले, "बरं. बघतो."

महिन्याभराने नवीन छापलेला फॉर्म आला. त्यात आता दोन चौकोन होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'योग्य तापमान', आणि दुसऱ्यावरही 'योग्य तापमान'. नाकवाल्यांनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, मान हलवली, आणि म्हणाले, "चला, त्यांची जाळी अजून पेटली नाही, पण थोडी तापलीय."